नळीतला गंधक

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक काळी कांडी असायची. काचेची कांडी रेशमावर घासली की धन प्रभार, एबोनाइटची लोकरीवर घासली की ऋण. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण ही एबोनाइट नावाची वस्तू कशाची होते, प्रयोगशाळेच्या कपाटाबाहेर तिला काही काम असतं का, हे पुस्तक सांगत नसे आणि आपणही विचारत नसू. ती रबराची असते. नखानं ओरखडा निघणार नाही इतकी कडक, पण रबरच. आणि दीडशेहून अधिक वर्षं जगभरची माणसं ती दातांत धरत आली आहेत, कारण तंबाखूच्या पाइपची काळी नळी बहुधा याच कांडीतून घडवलेली असते.

पाइपचं कौतुक करणारे सगळे लाकडाचं कौतुक करतात. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती ब्रायर. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे पाइप घडू लागले आणि मातीच्या पाइपांचे दिवस भरले. ब्रायरच्या रेषा किती सरळ, ती किती वर्षं वाळवली, तिला तेल दिलं की नाही, यावर शौकीन मंडळी रात्र काढतील. नळीचा विषय निघतो तो तक्रारीपुरता. कडवट लागते, हिरवी पडली, दातांनी खड्डे पडले. मला हा अन्याय वाटतो. पाइप आधी म्हातारा होतो तो नळीत, आणि मालकानं तो कसा वापरला हेही नळीच सांगते. लाकूड बरंच काही पोटात ठेवतं.

आधी नळीची ओळख करून घेऊ. तंबाखू भरायच्या वाडग्याला शौकीन ‘बोल’ म्हणतात. त्याच्याच लाकडातून पुढे आलेला दांडा म्हणजे शँक. शँकच्या भोकात नळीची खुंटी घट्ट बसते. ही खुंटी म्हणजे टेनन. दुसरं टोक चपटं होत जातं आणि शेवटी त्याला एक उंचवटा असतो. दात त्याच्यामागे अडकतात, म्हणून पाइप हात न लावताही तोंडात राहतो. त्या उंचवट्याला बटन म्हणतात. संपूर्ण लांबीतून धुराचं एक बारीक भोक जातं. एवढंच. पण या एवढ्याशा वस्तूला उष्णता, लाळ, दात, डांबर आणि ऊन या पाचांना तोंड द्यायचं असतं.

रबर आणि गंधक एकत्र तापवले की रबर उन्हाळ्यात चिकटत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडलं. त्यांचं पेटंट 1844 चं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनीही पेटंट घेतलं, आणि पहिला कोण यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्या नळीचा खरा जनक मात्र गुडइयर यांचा भाऊ नेल्सन. गंधकाचं प्रमाण बेसुमार वाढवून जास्त वेळ तापवलं तर रबराचा चिवटपणा जाऊन काळा, कडक, कातता येणारा, चकाकी धरणारा पदार्थ मिळतो, यावर त्यांनी 1851 मध्ये पेटंट घेतलं. त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात चार्ल्स गुडइयर यांनी कडक रबराच्या वस्तूंचं मोठं दालन थाटलं होतं. मग कंगवे आले, क्लॅरिनेटची मुखं आली, फाउंटन पेनं आली. प्रिन्स अल्बर्ट 1861 मध्ये गेल्यावर इंग्लंडात सुतकी काळ्या दागिन्यांची लाट आली, तेव्हा महाग ‘जेट’ दगडाऐवजी स्वस्तात मिळणारे दागिनेही याच पदार्थाचे. आणि दातांच्या कवळ्या. तिथे रंग घालून तो गुलाबी करत. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात ॲक्रिलिक येईपर्यंत कवळीचा हिरड्यांचा भाग व्हल्कनाइटचा असे. व्हल्कनाइट आणि एबोनाइट ही एकाच वस्तूची दोन नावं. म्हणजे पाइप ओढणाऱ्या एखाद्या बोळक्या साहेबाच्या तोंडात नळी आणि कवळी एकाच जातीची असण्याचा योग सहज येत असणार.

आता गंधकाची भानगड. रबराच्या लांबलचक साखळ्या गंधक एकमेकींना जखडून ठेवतो. साध्या रबरात शंभर भागांना दोन-तीन भाग गंधक पुरतो. एबोनाइटमध्ये तो तीस-चाळीस भाग असतो. त्यामुळेच कडकपणा, त्यामुळेच पॉलिशची ती खोल काळी चमक. पण हे जखडलेपण कायमचं नाही. ऊन आणि हवा लागली की पृष्ठभागावरची बंधनं तुटायला लागतात, त्यात दमटपणा मिळाला की गंधकाची आम्लं तयार होतात. काळी नळी आधी मंद दिसते, मग तपकिरी, मग पिवळट हिरवी. जिभेला कडू, आंबूस लागते. टेबलावर खिडकीशी पडून राहिलेल्या पाइपची उन्हाकडची बाजू आधी हिरवी पडते. उलटा करून पाहिला तर खालची बाजू अजून काळी. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर होतं, हे वेगळं सांगायला नको.

संग्रहालयं या वस्तूंना थोडी बिचकूनच असतात. जुनं कडक रबर गंधकाचे वायू सोडत राहतं, आणि शेजारच्या चांदीला ते काळं करतं. म्हणून असल्या वस्तू अंधारात, कोरड्यात आणि चांदीपासून लांब ठेवायच्या. पाइपवाल्यांची गंमत अशी की त्यांचे देखणे पाइप नेमके चांदीची कडी घातलेले असतात, आणि ती कडी बसते नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर. मालक कडी घासून थकतो. काळेपणा कुठून येतो हे त्याच्या लक्षात येत नाही.

पुण्यातले एक निवृत्त अभियंते या सगळ्यात मुरलेले आहेत. त्यांचा मूळ नाद फाउंटन पेनांचा. आपल्याकडे एबोनाइटचा खरा संसार पेनांतच झाला. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या हाकेवर 1932 च्या सुमारास हातानं पेनं घडवायला घेतली, ती एबोनाइटची. दक्षिणेत आजही लेथवर कांडी कातून पेनं करणारे कारागीर आहेत. पेनांच्या मागे जुन्या बाजारात हिंडताना या गृहस्थांच्या हाती पाइप लागत गेले. कुणा साहेबी थाटाच्या वकिलाचे, कुणा लष्करी अधिकाऱ्याचे, घर रिकामं करताना भंगारात गेलेले. स्वतः ते ओढत नाहीत. “ओढायचो. डॉक्टरांनी बंद केलं, आणि बरं केलं,” एवढंच म्हणतात.

ते बरंच झालं. नळी कितीही स्वच्छ ठेवा, तिच्यातून येणारा धूर तोच असतो. ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत अधिक दिसतो, अशी नोंद जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग यांनी 1795 मध्येच करून ठेवली आहे. म्हणजे एबोनाइटच्याही आधी, मातीच्या पाइपांच्या काळात.

अभियंत्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पाण्याचं भांडं, पॉलिश पेपरच्या पट्ट्या, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली. एक हिरवीगार नळी त्यांनी पाण्यात बुडवून चारशे नंबरच्या पेपरवर घासायला घेतली, आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पाणी चहाच्या रंगाचं झालं. “हा सगळा गंधक,” ते म्हणाले. “शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आत कोंबलेला.” मग सहाशे, आठशे, हजार, दोन हजार. त्यापुढे कापडाच्या पाठीचे, बारा हजारांपर्यंत जाणारे बारीक पेपर. दर पायरीला आधीच्या पेपरचे ओरखडे पुसायचे, बाकी काही करायचं नाही. शेवटी कार्नोबा मेणाचा हात. घाई करणारे थेट फिरत्या चाकावर नेतात. घर्षणानं एबोनाइट तापतं, मऊ पडतं, आणि हातातून निसटलेली नळी भिंतीवर आपटते.

हे पाहताना मोह होतो की जगातल्या सगळ्या नळ्या अशाच काळ्याभोर करून टाकाव्यात. अभियंते मात्र या कामाला सहजासहजी हात घालत नाहीत. कारण घासणं म्हणजे काढून टाकणं. दरवेळी एक थर जातो. बटनाच्या कडा गुळगुळीत होतात, दात अडकायला जागा राहत नाही. नळीवर कोरलेली मुद्रा आधी पुसट होते आणि मग नाहीशी. पीटरसन या पाइप-कारखान्याचा ‘पी’ असा हजारो नळ्यांवरून पुसला गेला असेल. डनहिल कंपनीच्या पाइपांवरचा पांढरा ठिपका नळीत जडवलेला असल्यानं टिकतो, हे त्याचं नशीब. सगळ्यांत वाईट अवस्था सांध्याची. नळी पाइपातून काढून घासली की तिची लाकडाला टेकणारी कड गोल होते. परत बसवल्यावर जिथे बोट अडखळता कामा नये तिथे पायरी लागते. ती चूक पुन्हा भरून येत नाही. जाणकार म्हणून नळी पाइपात बसवूनच सांध्याजवळचा भाग घासतात, किंवा टेननवर प्लास्टिकची चकती घालून कडेला आधार देतात.

काही जण ब्लीचमध्ये बुडवायचा सोपा मार्ग काढतात. ब्लीच हिरवा थर खातो खरा, पण खाली पृष्ठभाग खडबडीत करून ठेवतो. मग तो गुळगुळीत करायला घासावंच लागतं, आधीपेक्षा जास्त. गरम पाण्याचंही तेच. डांबर निघावं म्हणून नळी कढत पाण्याखाली धरणारा माणूस संध्याकाळी तपकिरी नळी घेऊन बसलेला असतो. पेनवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

एबोनाइटचा एक गुण मात्र मला फार आवडतो. त्याला आपला मूळ आकार आठवतो. दातांनी पडलेला खड्डा लायटरच्या ज्योतीवरून झपझप फिरवला की डोळ्यांदेखत वर येतो. फार वेळ धरलं तर करपतं, आणि वाकवलेली नळी तापून आपोआप सरळ व्हायला लागते, कारण कारखान्यात ती मुळात सरळच होती. वाक पुन्हा देताना आत सफाईची तारेची काडी, म्हणजे पाइप क्लीनर, सरकवून ठेवायचा, नाहीतर भोक चपटं होतं. जिथे दात आरपार गेलेत तिथे ही आठवण कामाला येत नाही. तिथे झटपट चिकटणाऱ्या डिंकात कोळशाची पूड कालवून भोक बुजवतात. त्याआधी आतून व्हॅसलिन लावलेला क्लीनर घालावा लागतो, नाहीतर भोकाबरोबर धुराची वाटही बंद.

आरपार चावणारे कमी नाहीत. आर्थर कॉनन डॉयल यांच्या 1893 मधल्या ‘द यलो फेस’ या कथेत शेरलॉक होम्स विसरून राहिलेल्या एका पाइपवरून मालकाचं वर्णन करतो. त्या पाइपची नळी अंबरची, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरच्या अश्मीभूत राळेची. ती दातांनी आरपार चावलेली, म्हणून मालक दणकट आणि दात शाबूत. पाइप एका बाजूनं जळलेला, म्हणून डावखुरा. मला त्यातला वेगळाच तपशील लक्षात राहिला. तो पाइप दोनदा दुरुस्त केलेला आहे, एकदा लाकडात आणि एकदा अंबरमध्ये, दोन्ही वेळा चांदीची पट्टी घालून, आणि ती दुरुस्ती पाइपच्या मूळ किमतीहून महाग पडलेली. होम्स यावरून ठरवतो की मालकाला नवा घेण्यापेक्षा हाच हवा आहे. नळीच्या दुरुस्तीचं अर्थकारण आजही हेच आहे. अंबरला स्पिरिट चालत नाही, ते चिकट आणि धुरकट होतं. पडलं तर काचेसारखं फुटतं. एबोनाइट आलं आणि अंबर श्रीमंतांपुरतं उरलं.

आमच्या अभियंत्यांच्या मते नव्वद टक्के नळ्यांना घासायची वेळच यायला नको. दिवसाकाठी दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं कुणाला द्यायची नसतात. पाइप ओढून झाला की तो पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम असताना नळी उपसली तर धोका लाकडाला: ओल आणि उष्णता यांनी फुगलेल्या शँकमध्ये टेनन आवळून बसलेला असतो, जोर लावला की शँकला तडा जातो नाहीतर टेनन मोडून आत राहतो. ओढून काढायचंच नाही. हलकं पिळत काढायचं, आणि बसवतानाही त्याच दिशेनं पिळायचं. मग पाइप क्लीनर आत घालून बाहेर काढायचा, तो पांढरा येईपर्यंत. शेवटी कोरड्या फडक्यानं बटन पुसायचं, कारण लाळ तशीच राहिली की तिथूनच हिरवेपणा सुरू होतो. उन्हात ठेवायचं नाही. बस.

पाइप क्लीनर ही वस्तू आपल्याकडे पाइपपेक्षा जास्त खपते, हे मला गमतीचं वाटतं. दोन तारांच्या पिळात कापूस अडकवलेली ही काडी अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरी विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मली. आज शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ती लाल, निळी, चमकीची मिळते, आणि तिचे ससे आणि फुलं करणाऱ्या मुलांना ‘पाइप’ म्हणजे नळाचा पाइप. ती रंगीत काडी नळीत घालू नये. तिचे कृत्रिम धागे ओल शोषत नाहीत, तंतू मात्र आत सोडतात. खऱ्या क्लीनरचा कापूस शोषणारा असतो. काहींत डांबर खरवडायला मधूनमधून राठ केस पेरलेले असतात.

आतली सफाई बाहेरच्या चकाकीपेक्षा महत्त्वाची, आणि ती कुणालाच दिसत नाही. धुरातली वाफ नळीच्या थंड भिंतीवर निवते, तिच्यात डांबर मिसळतं, आणि टेननच्या टोकाशी काळा चिखल साठतो. आंबूस वास आणि गुडगुडणारा आवाज तिथला. स्पिरिटमध्ये बुडवलेला क्लीनर मधूनमधून फिरवला की तो सुटतो. एबोनाइटला त्याचा विशेष त्रास नाही. ॲक्रिलिकला आहे, स्पिरिटनं त्यात बारीक तडे पडू शकतात. जुना विकत घेतलेला पाइप असेल तर ही सफाई पुन्हा पुन्हा करायची. परक्याच्या तोंडातली वस्तू, आणि आपल्या घरांत उष्ट्याचा विचार पाण्याच्या पेल्यापर्यंत जातो. अभियंत्यांच्या पत्नी त्या टेबलाकडे फिरकत नाहीत. “यांचं ते सगळं उष्टं भांडार,” असं म्हणून त्या दार लोटून घेतात. गावाकडच्या चिलमीनं हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला आहे. तिला वेगळी नळी नसते. खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची आणि मुठीतून ओढायचं, ओठ आपल्याच हाताला लागतात.

मातीच्या पाइपांची सफाई तर विस्तवावर होई. इंग्लंडमधल्या खानावळींत वापरून मळलेले लांब नळीचे पांढरे पाइप लोखंडी जाळीत रचून जाळात ठेवत. डांबर जळून जाई आणि माती पुन्हा पांढरी होई. नळी ठिसूळ असल्यानं तुटायची, तुकडे कचऱ्यात जायचे. त्या तुकड्यांनी पुरातत्त्वाची मोठी सोय केली. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन परिसरात सापडलेले ढीगभर तुकडे तपासताना जे. सी. हॅरिंग्टन यांच्या लक्षात आलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीची भोकं मोठी आणि पुढे ती बारीक होत गेली आहेत. 1954 मध्ये त्यांनी हे मांडलं. त्यांचं मोजण्याचं साधन होतं ड्रिलची पाती, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेली. भोकात कुठलं पातं बसतं ते पाहायचं, की वस्तीचं साधारण वय कळतं. पुढे लुईस बिनफर्ड यांनी त्याचं गणिती सूत्र केलं. फेकून दिलेल्या नळीच्या भोकावरून वसाहतीचं साल काढता येतं, हे वाचल्यापासून मी भोकाकडे अधिक आदरानं बघतो.

भोकावर सर्वाधिक डोकं डब्लिनच्या पीटरसन कारखान्यानं चालवलं. चार्ल्स पीटरसन यांच्या 1890 च्या पेटंटात शँकच्या पोटात एक खळगा आहे. ओल तिथे साठते, तोंडात येत नाही. 1898 मध्ये त्यांनी नळीचं टोकच बदललं. धुराचं भोक समोर न ठेवता वरच्या बाजूला काढलं, म्हणजे धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो. आतलं भोक खुंटीकडे रुंद आणि ओठाकडे निमुळतं. कल्पना हुशार, पण सफाईला त्रासाची: क्लीनर ओठाकडून घातला तर वरच्या वळणावर अडतो, खुंटीकडून घालावा लागतो, आणि पोटातला खळगा आठवणीनं पुसावा लागतो. न पुसणाऱ्याच्या पाइपात तो खळगा नाल्याच्या कामाचा होतो.

मग सगळ्यांनी सरळ ॲक्रिलिक का घेतलं नाही? पुष्कळांनी घेतलं. ते हिरवं पडत नाही, गंधक सोडत नाही, उन्हाला दाद देत नाही. पण दाताला कडक लागतं, आणि तासभर पाइप दातांत धरणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. एबोनाइट थोडं दबतं. म्हणून हातानं पाइप घडवणारे आजही जर्मनी किंवा जपानची एबोनाइटची कांडी मागवतात. हॅम्बुर्गमध्ये 1871 साली स्थापन झालेली, न्यूयॉर्क-हॅम्बुर्ग असं जोडनाव मिरवणारी कंपनी कडक रबरासाठीच ओळखली गेली.

नळी हाताबाहेर गेली असेल तर अभियंते दुरुस्तीचा हट्ट धरत नाहीत. पेनांसाठी आणलेल्या कांडीचा तुकडा लेथवर लावतात आणि नवी नळी कातायला घेतात. आधी भोक पाडायचं, मग त्या भोकाभोवती टेनन उतरवायचा. उलटं केलं तर भोक बाजूला सरकतं आणि टेननची भिंत एकीकडे पातळ पडते. लाकडाच्या भोकात टेनन पिळून बसावा, पण जोर लागू नये. बाहेरचा आकार, वाक, पॉलिश हे सगळं त्यानंतर. तयार नळी पाइपात बसवली की ते तिच्या चकाकीकडे पाहत नाहीत. बटनाकडून एक क्लीनर आत सोडतात. तो सांध्यावर न अडता सरळ बोलच्या तळापर्यंत पोचला तर नळी ठेवायची, अडला तर पुन्हा लेथवर.